जवान शोधले, उत्तरे कोण शोधणार?

३ फेब्रुवारी २०१६ रोजी पहाटे सियाचीनमधील सोनम ठाण्यावर बर्फाचा एक प्रचंड कडा कोसळला. समुद्रसपाटीपासून १९,६०० फूट उंचीवरच्या या ठाण्यात मद्रास रेजिमेंटच्या एकोणिसाव्या बटालियनची दहा माणसे तैनात होती. ती सर्व गाडली गेली. दुसऱ्याच दिवशी, कोणी जिवंत सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही असे सैन्याने सांगितले आणि राजधानीतून शोकसंदेशही निघाले. शोध मात्र थांबला नाही. दीडशेहून अधिक जवान आणि शोधकार्यात तरबेज असलेले दोन कुत्रे त्या उंचीवर राबत राहिले. खडक फोडण्याची यंत्रे, विजेच्या करवती आणि बर्फाखालचा वेध घेणारी रडार उपकरणे हेलिकॉप्टरने वर नेण्यात आली. जेथे चार पावले चालले तरी दम लागतो आणि पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे माणसांनी दगडासारखा टणक बर्फ तुकड्यातुकड्यांनी कापून काढला. ८ फेब्रुवारीच्या रात्री, सुमारे पंचवीस ते पस्तीस फूट बर्फाखाली, लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले.

कर्नाटकातील धारवाड जिल्ह्याच्या बेटदूर गावचा हा जवान पाच दिवसांहून अधिक काळ बर्फाखाली श्वास घेत राहिला होता. त्यांना दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात आणले गेले. देशभर प्रार्थना झाल्या. ११ फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्या दहांमध्ये सातारा जिल्ह्यातील एक तरुण वैद्यकीय सहायकही होता. इतरांचे प्राण वाचविण्यासाठी नेमलेल्या या मुलाचे पार्थिवच गावी परत आले.

या शोधकार्याला मनःपूर्वक अभिवादन केले पाहिजे. आपल्या सहकाऱ्याला बर्फात सोडून खाली यायचे नाही, या एका निर्धारावर ते उभे होते. श्रमिकांच्या चळवळीत ज्याला बंधुता म्हणतात, तिचे याहून निखळ रूप सहसा पाहावयास मिळत नाही. परंतु देशाची कृतज्ञता अभिवादनापाशीच थांबली, तर ती अपुरी ठरते. बर्फाखाली सापडलेल्या माणसाचा शोध संपल्यानंतर दुसरा एक शोध सुरू व्हावयास हवा होता. त्याला तेथे कोणी, कशासाठी आणि काय हाती देऊन ठेवले होते, याचा तो शोध. तो आजवर कोणत्याही सरकारने पुरा केलेला नाही.

मिनिटांचा हिशेब

हिमस्खलनाचे शास्त्र निर्दय आहे. आल्प्स पर्वतातील दीर्घ अनुभवावरून असे दिसते की, बर्फाखाली पूर्णपणे गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटून गेला की तिघांपैकी एखादाच वाचतो. बर्फ स्थिरावताच घट्ट होतो. माणसाच्या स्वतःच्या श्वासाने तोंडाभोवतीचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि हवेची वाट बंद करतो. हनुमंतप्पा वाचले ते कोसळलेल्या निवाऱ्यात हवेची पोकळी राहिली म्हणून. तो अपवाद होता, आणि अपवादावर कोणतीही व्यवस्था उभारता येत नाही.

या हिशेबाचा अर्थ सरळ आहे. दिल्लीहून, चंदीगडहून किंवा लेहहून निघालेली मदत, ती कितीही तत्पर असो, बहुतेक वेळा मृतदेह काढण्यासाठीच पोहोचते. जीव वाचतो तो घटनास्थळी असलेल्या साथीदारांच्या हातून, अंगावर असलेल्या संदेशयंत्रामुळे, जवळ असलेल्या शोधकाठीमुळे आणि फावड्यामुळे. आणि त्याहून अधिक, ठाणे कोठे वसवावे, गस्त कोणत्या वेळी काढावी, हे सांगणाऱ्या पूर्वसूचनेमुळे. म्हणजे शोधकार्याचे यश दुर्घटनेच्या कितीतरी आधी, अंदाजपत्रकाच्या आणि खरेदीच्या कागदांवर ठरलेले असते.

याची दुसरी बाजूही अलीकडेच दिसली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले. चौपन्न कामगार त्यात सापडले. सैन्य आणि भारत-तिबेट सीमा पोलीस जवळच होते, आणि कामगार लोखंडी पेट्यांसारख्या निवाऱ्यांत राहत होते. त्या निवाऱ्यांनी अनेकांना चिरडण्यापासून वाचविले आणि श्वास घेण्यापुरती हवा राखली. शेहेचाळीस जण वाचले, आठ जण गेले. निवारा भक्कम असणे आणि मदत जवळ असणे, या दोन गोष्टींनी केवढा फरक पडतो हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. अर्थात ते आठ जण रस्ता बांधणारे मजूर होते. हिमस्खलनाच्या वाटेत मजुरांची वस्ती का होती, हा प्रश्न त्यांच्या वतीने विचारणे चळवळीचे काम आहे.

बूट, चष्मे आणि उत्तरदायित्व

सियाचीनच्या जवानाला देश सर्वस्व देतो अशी एक समजूत आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आलेला अहवाल या समजुतीला धक्का देतो. अतिउंच प्रदेशातील जवानांचे कपडे, साहित्य, शिधा आणि निवारा यांची ही तपासणी होती. बर्फावरील प्रखर प्रकाशापासून डोळे वाचविणाऱ्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के इतका आढळला. जुन्या पद्धतीचे मुखवटे, जाकिटे आणि झोपण्याच्या पिशव्या खरेदी झाल्या होत्या. शिध्यातील पदार्थांना दिलेल्या पर्यायांमुळे काही बाबतींत उष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत घटले होते. आणि नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात ठरावीक प्रकारचे बूट जवानांना दिलेच गेले नाहीत; असलेलेच बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले.

या शेवटच्या तारखा पुन्हा वाचल्या पाहिजेत. देश हनुमंतप्पांसाठी प्रार्थना करीत होता, तो फेब्रुवारी महिना याच काळात येतो. बुटांच्या तुटवड्यामुळे सोनमचा कडा कोसळला असे कोणी म्हणणार नाही. परंतु रुग्णालयाच्या दारात उभे राहून शौर्याचे गुणगान करणारी राज्यसंस्था त्याच महिन्यात जवानाला नवे बूट देऊ शकत नव्हती, ही विसंगती साधी नाही. भावना फुकट मिळते. बुटांना पैसे पडतात, निविदा लागतात, आणि निविदेच्या कागदावर कोणा अधिकाऱ्याची सही लागते.

या संदर्भात जॉर्ज फर्नांडिस यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबईच्या कामगारांचा हा नेता, ज्याने १९६७ मध्ये स. का. पाटील यांना लोकसभेच्या निवडणुकीत हरविले, १९९८ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री झाला. सियाचीनवरील जवानांसाठी बर्फावर चालणारी वाहने घेण्याचा प्रस्ताव मंत्रालयात अडून पडला असल्याचे त्यांना कळले. फाइल अडविणाऱ्या अधिकाऱ्यांनी सियाचीनला जाऊन तेथील परिस्थिती डोळ्यांनी पाहून यावी, असा आदेश त्यांनी काढला. फर्नांडिस यांच्या उत्तरकाळातील राजकारणाविषयी समाजवाद्यांत तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. पण निर्णय घेणाऱ्याने निर्णयाचे परिणाम भोगणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहावे, हा त्या आदेशामागील विचार निःसंशय समाजवादी होता. खंत एवढीच की, तो एका मंत्र्याच्या स्वभावापुरता राहिला. व्यवस्थेचा नियम झाला नाही. झाला असता, तर वीस वर्षांनंतर महालेखापरीक्षकांना बूट आणि चष्मे मोजावे लागले नसते.

हमाल आणि अग्निवीर

बर्फ पद पाहत नाही. नुकसानभरपाईचे नियम मात्र पाहतात. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी सियाचीनच्या उत्तर भागात गस्तीवरील तुकडी हिमस्खलनात सापडली, तेव्हा चार जवानांबरोबर दोन हमालांचाही मृत्यू झाला. सैन्याची ओझी पाठीवरून वाहणारे हे स्थानिक लोक रोजंदारीवर काम करतात. त्यांच्याविना वरच्या ठाण्यांचा शिधा आणि रॉकेल पोहोचणे कठीण. परंतु मृत्यूनंतर त्यांची गणना जवानात होत नाही आणि वृत्तपत्रांतील मथळ्यातही त्यांना क्वचितच जागा मिळते.

सैन्यातही आता दोन वर्ग झाले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा सियाचीनवर सेवा बजावताना मृत्यू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथेच झालेल्या हिमस्खलनात तिघे मृत्युमुखी पडले. त्यांपैकी दोघे अग्निवीर होते. २०२२ मध्ये अग्निपथ योजना सुरू झाली, तेव्हा सेवेत मृत्यू आल्यास विम्याची आणि सानुग्रह मदतीची एकरकमी तरतूद तिच्यात केली गेली. नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची तरतूद केली गेली नाही. एकरकमी रक्कम मोठी असते हे खरे. परंतु शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या घरात अशी रक्कम कर्जफेडीत, लग्नात, घराच्या छपरात किती काळ टिकते, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. दरमहा येणारे निवृत्तिवेतन म्हणजे मुलगा गेल्यानंतरही चूल पेटती ठेवण्याची हमी. एकाच तंबूत झोपणाऱ्या, एकाच दोराने बांधून घेऊन चालणाऱ्या दोन तरुणांच्या आयांना देशाने वेगवेगळ्या मापाने मोजावे, हे समतेच्या कोणत्या व्याख्येत बसते?

सीमेपलीकडचा बर्फ

सोनमची दुर्घटना एकाकी नव्हती. तिच्या चार वर्षे आधी, ७ एप्रिल २०१२ रोजी, सालतोरो रांगेच्या पलीकडे गयारी येथे पाकिस्तानी सैन्याच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या एका बटालियनचे मुख्यालय हिमस्खलनाखाली गाडले गेले. १२९ सैनिक आणि ११ नागरिक, असे १४० जण त्यात मृत्युमुखी पडले. बर्फ आणि दगडमाती यांचा ढीग काही ठिकाणी ऐंशी फूट उंच होता. परदेशी तज्ज्ञांची पथके आली, अवजड यंत्रे आली; एकही माणूस जिवंत निघाला नाही. मृतदेह काढण्याचे काम अनेक महिने चालले. गाडले गेलेल्यांपैकी बहुतेक जण गिलगिट-बाल्टिस्तानच्या गरीब डोंगराळ खेड्यांतले होते. बेटदूरच्या आणि साताऱ्याच्या मुलांत व त्यांच्यात गणवेशाखेरीज फारसे अंतर नव्हते.

दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष आसिफ अली झरदारी दिल्लीत होते. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शोधकार्यासाठी भारताची मदत देऊ केली. ती घेतली गेली नाही. २०१६ मध्ये सोनमच्या दुर्घटनेनंतर पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारतीय महासंचालकांना दूरध्वनी करून मदत देऊ केली. तीही घेतली गेली नाही. दोन्ही वेळा मदत देऊ करणाऱ्यात माणुसकी होती आणि नाकारणाऱ्यात अविश्वास होता. आणि दोन्ही वेळा भूमिकांची अदलाबदल तेवढी झाली. ज्या पर्वतावर शेजारी शेजाऱ्याला बर्फातून बाहेर काढू शकत नाही, तेथे शत्रुत्व कोणाच्या कामाचे आहे, असे विचारावेसे वाटते.

या रणभूमीची कुळकथा थोडक्यात अशी. १९४९ च्या कराची कराराने युद्धविरामरेषा ‘एनजे ९८४२’ या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे ती उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत जाईल एवढेच लिहून ठेवले. तेथे माणसे राहतील असे करार करणाऱ्यांना वाटलेच नव्हते. १९७२ मध्ये नियंत्रण रेषा ठरली, तेव्हाही तो भाग मोकळाच राहिला. पुढे दोन्ही बाजूंच्या हालचाली वाढल्या आणि १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू करून भारतीय सैन्याने सालतोरोच्या मोक्याच्या खिंडी ताब्यात घेतल्या. तेव्हापासून दोन्ही सैन्ये समोरासमोर आहेत. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीनंतर तेथील तोफा जवळजवळ शांत झाल्या. मृत्यू शांत झाला नाही. १९८४ पासून नोव्हेंबर २०१५ पर्यंत या हिमनदीवर हवामान आणि परिस्थिती यांमुळे ८६९ भारतीय जवानांनी प्राण गमावले, अशी माहिती सरकारने संसदेत दिली. त्यांत ३३ अधिकारी होते, ५४ कनिष्ठ अधिकारी होते, आणि ७८२ साधे जवान होते.

काहींचा शोध तर पिढी उलटल्यावर लागला. मे १९८४ मध्ये हिमस्खलनात नाहीसा झालेला कुमाऊँ रेजिमेंटचा एक जवान ऑगस्ट २०२२ मध्ये, अडतीस वर्षांनी सापडला. त्याची ओळख त्याच्या क्रमांकाच्या बिल्ल्यावरून पटली. १९९३ मध्ये गेलेल्या महाराष्ट्रातील एका हवालदाराचा देह २०१४ मध्ये मिळाला. बर्फाने जे जपून ठेवले ते हिमनदी हळूहळू परत करीत आहे. राजकारणाने मात्र ज्या प्रश्नासाठी ही माणसे गेली तो प्रश्न होता तेथेच गोठवून ठेवला आहे.

कराराच्या उंबरठ्यावरून

तोडगा कधी दिसलाच नाही असे नाही. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात, जून १९८९ मध्ये, सैन्याची फेरमांडणी करून संघर्षाची शक्यता कमी करण्याविषयी दोन्ही देशांचे संयुक्त निवेदन निघाले. १९९२ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये वाटाघाटी बऱ्याच पुढे गेल्या. २००५ मध्ये मनमोहन सिंग सियाचीनला भेट देणारे पहिले पंतप्रधान ठरले आणि हा पर्वत शांततेचा पर्वत व्हावा अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. गयारीनंतर पाकिस्तानचे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल कयानी यांनीही प्रश्न सोडविण्याची आणि शांततामय सहजीवनाची भाषा केली. प्रत्येक वेळी गाडी एकाच जागी अडली. माघारीपूर्वी सध्याची ठाणी नकाशावर नोंदवून त्यांवर सह्या व्हाव्यात, असे भारताचे म्हणणे. त्यास पाकिस्तानचा नकार.

भारताचा आग्रह निराधार नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९९९ मध्ये कारगिलच्या रिकाम्या ठाण्यांत जे घडले, त्यानंतर केवळ शब्दावर विसंबून उंची सोडा, असे कोणत्याही सैन्याला सांगता येणार नाही. जवळच शक्सगाम खोरे चीनच्या ताब्यात आहे, आणि २०२० च्या गलवान संघर्षानंतर लडाखची चिंता वाढलेली आहे. एप्रिल २०२५ मधील पहलगामचे हत्याकांड आणि मे महिन्यातील लष्करी संघर्ष यांनंतर तर संवादाचे नाव काढणेही अवघड झाले. शांततेची बाजू मांडणाऱ्याने या गोष्टी झाकून ठेवू नयेत. झाकल्या तर त्याचे म्हणणे भोळेपणात जमा होते.

पण यातून निष्कर्ष असा निघत नाही की, चार दशके चालले तेच अनंतकाळ चालावे. विश्वास नसताना करार कसे करावेत, हाच तर मुत्सद्देगिरीचा विषय आहे. उंची सोडण्याचा करार आज होणार नसेल, तर त्याच्या आधीचा, लहानसा, कोणाच्याही सरहद्दीला धक्का न लावणारा करार होऊ शकतो. तो म्हणजे परस्परांच्या बचावाचा करार. हिमस्खलनाची पूर्वसूचना एकमेकांना द्यावी. दुर्घटना घडल्यास ठरावीक काळ हेलिकॉप्टरांच्या उड्डाणांना आडकाठी असू नये. मागितल्यास पथके आणि साधने द्यावीत. आपल्या बाजूस सापडलेला मृतदेह सन्मानाने परत करावा. लष्करी कारवाई महासंचालकांमधील दूरध्वनी त्यासाठी आजही उपलब्ध आहे. २०१२ आणि २०१६ मध्ये जी मदत तोंडी देऊ केली गेली, तिला कागदावर आणण्यापलीकडे यात काही नाही. यात कोणाची हार नाही. माणसे वाचविताना एकमेकांशी बोलण्याची सवय लागली, तर नकाशावर बोलणेही कधी तरी सोपे होईल.

मागणी कशाची करावी

देशभक्तीची भाषा आज उंच आवाजात बोलली जाते आणि तिच्यासमोर कार्यकर्ता बरेचदा गप्प बसतो. गप्प बसण्याचे कारण नाही. जवानाच्या बाजूने उभे राहणे म्हणजे त्याच्या वतीने प्रश्न विचारणे. प्रत्येक हिमस्खलनानंतर पूर्वसूचना होती काय, ठाणे सुरक्षित जागी होते काय, साधने होती काय, याचा तपास व्हावा आणि गुप्ततेस बाधा न येईल एवढा त्याचा अहवाल संसदेपुढे यावा. महालेखापरीक्षकांनी दाखविलेल्या उणिवा किती भरून निघाल्या, हे खासदारांनी सरकारला विचारावे. अग्निवीराच्या आणि ओझे वाहणाऱ्या हमालाच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या कुटुंबाइतकेच निवृत्तिवेतन मिळावे. आणि परस्पर बचावाच्या कराराची मागणी गावोगावच्या सभांतून, माजी सैनिकांना व्यासपीठावर बसवून, त्यांच्याच तोंडून व्हावी. साताऱ्याच्या, बुलढाण्याच्या, कोल्हापूरच्या गावांत असे माजी सैनिक आहेत. बर्फ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याची हिंमत कोणी करणार नाही.

सोनमवर खोदणाऱ्या जवानांना कोणी आशा दिली नव्हती. शोकसंदेश निघून गेल्यावरही ते खोदत राहिले, म्हणून एक माणूस जिवंत सापडला. सियाचीनच्या प्रश्नाबाबतही शोकसंदेश अनेकदा निघून गेले आहेत. खोदणे चालू ठेवण्याचे काम आता खाली, सुरक्षित जागी राहणाऱ्यांचे आहे.